चांदबिबी आणि तिचे घरचे विरोधक

आमच्या शाळेची सहल दर दोन-तीन वर्षांनी शहा डोंगरावर जाते. पाथर्डी रस्त्याला लागले की डोंगरमाथ्यावरची ती तीन मजली अष्टकोनी इमारत दुरूनच दिसू लागते, आणि मुले गाडीतूनच ओरडतात, "चांदबिबीचा महाल!" वर पोहोचल्यावर कोणीतरी विचारतेच, "सर, बेगमसाहेबा इथंच राहत होत्या का?" मग सांगावे लागते की हा महाल नव्हे, ही कबर आहे, आणि तीही सलाबतखानाची. सलाबतखान हा मुर्तजा निजामशहाचा वजीर. चांदबिबीने नगरचा किल्ला लढवला त्याच्या काही वर्षे आधीच तो वारला होता. मुले हिरमुसतात. पण मला त्यात वेगळेच कौतुक वाटते. एका मातब्बर वजिराने स्वतःसाठी बांधून घेतलेली इमारत नगरच्या साध्यासुध्या लोकांनी परस्पर चांदबिबीच्या नावावर करून टाकली! शहराचे सरकारी नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, तरी डोंगरावरच्या इमारतीचे नाव लोकांच्या तोंडी आहे तेच राहिले आहे.

चांदबिबी म्हटले की तोंडावर नकाब, हातात नंगी तलवार आणि पडलेल्या तटाच्या खिंडारात उभी राहिलेली रणरागिणी, एवढेच चित्र आपल्यासमोर येते. ते खरेही आहे. परंतु तो सारा पराक्रम १५९५ च्या डिसेंबरपासून १५९६ च्या फेब्रुवारीपर्यंतचा, म्हणजे अवघ्या दोन-अडीच महिन्यांचा. तिच्या राजकीय आयुष्याची बाकीची वर्षे मोगलांपेक्षा स्वतःच्याच दरबारातल्या माणसांना तोंड देण्यात गेली. आजच्या वर्तमानपत्रांच्या भाषेत सांगायचे तर सत्ताधारी पक्षातल्या असंतुष्टांनी तिला कधी स्वस्थ बसू दिले नाही, आणि शेवटी तिचा जीव घेतला तोही त्यांनीच. हा भाग शाळेच्या पुस्तकात दोन ओळींत आटोपतो. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने तो जरा सविस्तर सांगावा असे मनात आले.

चांदबिबी ही हुसेन निजामशहाची मुलगी. नगरचा आजचा दगडी किल्ला याच हुसेनशहाने बांधला. तिची आई खुंजा हुमायून हीदेखील कर्तृत्ववान बाई. हुसेनशहा १५६५ साली वारल्यावर मुलगा मुर्तजा लहान म्हणून तिने काही वर्षे राज्य चालवले. पुढे मुलाने सरदारांच्या मदतीने तिलाच कैदेत टाकले. बाईने कारभार पाहायचा आणि सरदारांनी तो उलथवायचा, हा धडा चांदबिबीच्या घरातच होऊन गेला होता. तिचे लग्न विजापूरच्या अली आदिलशहाशी झाले. तालिकोटच्या लढाईपूर्वी दक्षिणेतल्या सुलतानांची जी सोयरीक जमली त्यातलेच हे लग्न, आणि सोलापूरचा किल्ला तिला आंदण म्हणून दिला गेला. तिला अरबी, फारसी, तुर्की, मराठी आणि कानडी या भाषा येत असत, ती सतार वाजवी, फुलांची चित्रे काढी असे सांगतात. मुलींना शिकवून काय करायचे असे विचारणारे पालक अजूनही भेटतात; त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहिले.

१५८० साली अली आदिलशहाचा खून झाला. त्याला मुलगा नव्हता. पुतण्या इब्राहिम, वय वर्षे नऊ, गादीवर बसला आणि त्याचे पालकत्व चांदबिबीकडे आले. कारभार मात्र कामिलखान नावाच्या सरदाराच्या हाती गेला. तो डोईजड झाला, बेगमेचा मान राखीना, तेव्हा तिने किश्वरखान नावाच्या दुसऱ्या सरदाराला पुढे करून त्याला दूर केले. थोड्याच दिवसांत किश्वरखान त्याच्याहून वरचढ निघाला. त्याने चांदबिबीला चक्क साताऱ्याच्या किल्ल्यावर कैदेत पाठवले. विजापुरात यामुळे गवगवा झाला, इखलासखान आणि त्याचे हबशी साथीदार उठले, किश्वरखान पळाला आणि बेगम परत आली. पुढे या इखलासखानालाही दिलावरखानाने खाली खेचले. १५८४ च्या सुमारास चांदबिबी माहेरी नगरला आली. एकाला हटवण्यासाठी दुसऱ्याचा हात धरावा आणि मग तो दुसराच मानेवर बसावा, हा अनुभव ती विजापुरातूनच घेऊन आली होती. नगरला तो पुन्हा तसाच्या तसा तिच्या वाट्याला यावा, हे तिचे दुर्दैव.

नगरच्या दरबारात तेव्हा कोणकोण होते ते सांगितल्यावाचून पुढची हकीकत उमगणार नाही. एक गट दख्खनींचा, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेल्या मुसलमान सरदारांचा. दुसरा हबश्यांचा, आफ्रिकेतून गुलाम म्हणून आलेली आणि मनगटाच्या जोरावर सरदारकीपर्यंत चढलेली ही माणसे बहुधा दख्खनींच्या बाजूने असत, पण नेहमीच नव्हे. तिसरा गट परदेशी लोकांचा, म्हणजे इराण, मध्य आशिया वगैरेकडून आलेल्या विद्वानांचा आणि शिपायांचा. मराठे सरदारही पदरी होते. भांडण वरवर पाहता भाषेचे आणि पंथाचे दिसते. खाली मात्र जहागिरी, किल्ले आणि मानाच्या जागा कोणाला मिळाव्यात हाच प्रश्न असे. १५८८ साली मुर्तजाशहाला त्याच्या मुलाने मारले, पुढच्याच वर्षी मुलाचाही खून झाला, आणि त्या गडबडीत दख्खनींनी नगर शहरात परदेशी लोकांची मोठी कत्तल केली. ज्याच्या इतिहासावाचून या काळाचे पान हलत नाही तो फिरिश्ता तेव्हा नगरच्या चाकरीत होता. त्याच साली तो विजापूरला निघून गेला.

१५९५ साली इब्राहिम निजामशहा चारच महिने राज्य करून विजापूरकरांशी झालेल्या लढाईत पडला. मग तर कहरच झाला. त्याचा मुलगा बहादूर अगदी तान्हा. मियां मंजू या दख्खनी पुढाऱ्याने त्याला चावंडच्या किल्ल्यावर अटकेत ठेवले आणि अहमद नावाच्या पोराला निजामशाही वंशातला म्हणून गादीवर बसवले. तो त्या वंशातला नाहीच असे पुढे कळले, तेव्हा नगरच्या हबश्यांचा पुढारी इखलासखान (हा विजापूरच्या इखलासखानाहून वेगळा) बिथरला आणि त्याने मोती नावाचे आणखी एक पोर शोधून काढले. अभंगखान हबश्याने तिसराच उमेदवार आणला: शहाअली, पहिल्या बुऱ्हाणशहाचा मुलगा, वय सत्तरीच्या घरात. आणि चांदबिबी म्हणत होती, गादी बहादूरची, कारण तोच खरा वारस. एका गादीसाठी चार निजामशहा! हसू येते, पण त्या दिवसांत नगरच्या रस्त्यांवर माणसे मरत होती.

इखलासखानाच्या फौजेने कोंडीत पकडल्यावर मियां मंजूने जे केले त्याचे परिणाम पुढे सर्वांनी भोगले. गुजरातेत अकबराचा मुलगा शहाजादा मुराद होता. मंजूने त्याला पत्र लिहून मदतीस बोलावले. मोगलांना आमंत्रण हवेच होते. मुराद निघाला, अब्दुर्रहीम खानखानान निघाला, खानदेशचा राजा अलीखानही सोबत आला. ते वाटेत असतानाच मंजूने इखलासखानाचा पराभव केला, म्हणजे मदतीची गरजच उरली नाही! पण बोलावलेला पाहुणा आता परत जाणार नव्हता. मंजू पस्तावला, किल्ला अन्सारखानाच्या हवाली करून आपल्या अहमदला घेऊन विजापूर-गोवळकोंड्याची मदत मागायला निघून गेला. चांदबिबीने या संधीत किल्ल्याचा ताबा घेतला. महंमदखान नावाच्या सरदाराने तिच्या वतीने अन्सारखानाला ठार केले आणि बहादूरशहाच्या नावाने द्वाही फिरली.

डिसेंबर १५९५ च्या अखेरीस मोगल नगरला पोहोचले. वेढ्याची हकीकत सर्वश्रुत आहे, तरी एक-दोन गोष्टी सांगतो. रयतेला अभय दिल्याचे मुरादने जाहीर केले होते. तरीही शहाबाजखानाच्या लोकांनी पेठा लुटल्या आणि मोगलांच्या शब्दावरचा लोकांचा विश्वास उडाला. अभंगखान रात्री मोगलांची फळी कापीत किल्ल्यात शिरला. म्हातारा शहाअली मात्र मागे फिरला आणि त्याचे बहुतेक लोक कापले गेले. तटाखाली मोगलांनी सुरुंग खणले. मोगल छावणीतल्याच ख्वाजा महंमदखान शिराजी नावाच्या माणसाने रात्री येऊन त्यांच्या जागा किल्लेकऱ्यांना सांगितल्या. दोन सुरुंगांतली दारू काढून झाली, तिसरा खणीत असतानाच उडाला. पन्नासेक यार्ड तट कोसळला, आतले लोक पळू लागले, आणि मग ती नकाब घेतलेली बाई तलवार उपसून खिंडारात येऊन उभी राहिली. दिवसभर मोगलांचे हल्ले परतवले गेले. रात्रीतून भिंत पुन्हा उभी राहिली. तोफांचे गोळे संपले तेव्हा तांब्याची, मग रुप्याची, मग सोन्याची नाणी तोफेत घालून डागली, असे लोक सांगतात. खरे-खोटे अल्ला जाणे, पण नगरच्या लोकांनी चारशे वर्षे ही गोष्ट जपली आहे.

मोगलांकडेही सर्व काही आलबेल नव्हते. मुराद आणि खानखानान यांचे पटत नव्हते. किल्ला घेतल्याचे श्रेय दुसऱ्याला जाऊ नये म्हणून दोघेही जपत होते. सुरुंग उडवायच्या दिवशीसुद्धा मुरादच्या माणसांनी खानखानानला विश्वासात घेतले नाही. दुफळीचा मक्ता काही एकट्या नगरकडे नव्हता. इतक्यात सुहेलखान विजापूरची फौज घेऊन येत असल्याची बातमी आली. मोगलांच्या छावणीत दाणावैरण संपत आलेली, किल्ल्यातही तीच अवस्था. तह झाला. बहादूरला निजामशहा म्हणून मान्यता मिळाली, आणि त्याबदल्यात वऱ्हाड मोगलांना द्यावे लागले.

इथपासून माझ्या विषयाला खरी सुरुवात होते. वऱ्हाड निजामशाहीत आले होते १५७४ साली, म्हणजे तहाच्या बावीसच वर्षे आधी. तिथे ज्यांच्या जहागिरी होत्या त्या सरदारांच्या डोळ्यांसमोर त्या गेल्या. त्यांच्या दृष्टीने पाहा: किल्ल्यासाठी आपण रक्त सांडले, खिंडार बुजवले, शत्रू मागे फिरण्याच्या बेतात होता, विजापूरची कुमक चार मजलांवर आली होती, आणि बेगमेने सही करून सबंध प्रांत देऊन टाकला! चांदबिबीच्या बाजूने पाहा: भिंत रात्रीत रचलेली, कोठारे रिकामी, गादीवर तान्हे मूल आणि चार दावेदारांपैकी तिघे अजून जिवंत. तिने प्रांत देऊन राजधानी आणि राज्य राखले. मला तिचा निर्णय बरोबर वाटतो. पण जे नाराज झाले ते सगळेच नीच होते असे मी म्हणणार नाही. आपल्याकडे इतिहास सांगताना एक बाजू फितुरांची आणि एक बाजू शूरांची अशी सरळ वाटणी करण्याची सवय आहे, तिने काम सोपे होते एवढेच.

मोगल गेल्यावर बहादूरला चावंडहून आणून गादीवर बसवले. मियां मंजू आपल्या अहमदला घेऊन परत आला आणि हक्क सांगू लागला. तेव्हा चांदबिबीने विजापूरला आपल्या पुतण्याकडे, म्हणजे तिने लहानपणी सांभाळलेल्या इब्राहिम आदिलशहाकडे गाऱ्हाणे नेले. त्याने मंजूला विजापुरी बोलावून आपल्याच चाकरीत सामावून घेतले. असंतुष्ट माणसाला मारण्यापेक्षा दुसरीकडे जागा द्यावी, हे शहाणपण त्या काळात दुर्मीळच. महंमदखानाने वेढ्यात साथ दिली होती. चांदबिबीने त्याला पेशवा केले. त्याने मोठमोठ्या जागा आपल्या माणसांना वाटल्या, अभंगखान आणि शमशेरखान या हबशी सरदारांना पकडून कैदेत टाकले, आणि बेगमेला नावापुरते ठेवले. विजापूरचा कामिलखान, किश्वरखान आणि आता नगरचा महंमदखान!

तिने पुन्हा पुतण्याकडे मदत मागितली. सुहेलखान आला आणि महंमदखानाला किल्ल्यात कोंडून चार महिने बसला. तेव्हा या पेशव्याने काय करावे? वऱ्हाडात खानखानानला पत्र लिहिले की या, किल्ला घ्या. मियां मंजूची चूक वर्षभराच्या आत दुसऱ्याने केली. किल्ल्यातल्या शिबंदीला मात्र हे सहन झाले नाही. त्यांनीच महंमदखानाला बांधून बेगमेच्या हवाली केले. या साध्या शिपायांचा उल्लेख फारसा कोणी करीत नाही. त्यांची नावेही इतिहासात नाहीत.

मग अभंगखान कैदेतून सुटून पेशवा झाला. माणूस शूर होता यात शंका नाही. मोगलांची फळी फोडून किल्ल्यात शिरलेला तो हाच. सुरुवातीला बरे चालले. मोगलांनी वऱ्हाडाबाहेरचे पाथरी वगैरे भाग दाबल्यामुळे १५९७ च्या आरंभी गोदावरीकाठी सोनपेठजवळ मोठी लढाई झाली. सुहेलखानाच्या हाताखाली विजापूर, गोवळकोंडा आणि नगर अशा तिन्ही दरबारांच्या फौजा एकत्र आल्या होत्या. खानदेशचा राजा अलीखान मोगलांच्या बाजूने लढताना पडला. तरी दुसऱ्या दिवशी जय मोगलांचा झाला. या पराभवानंतर नगरमध्ये पुन्हा एकमेकांवर खापर फोडणे सुरू झाले. अभंगखानाने बेगमेला बाजूला सारून बहादूरला ताब्यात घेण्याचा बेत केला. तिला तो कळला. तिने मुलाला घेऊन किल्ल्याचे दरवाजे बंद केले आणि पेशव्याला निरोप धाडला की कारभार बाहेर शहरात बसून करावा. अभंगखानाने उलट किल्ल्यालाच वेढा घातला. निजामशाहीचा पेशवा बाहेर, निजामशहा आत, आणि मधे हुसेनशहाने परक्यांसाठी खणलेला खंदक! अशा स्थितीत दोन-तीन वर्षे गेली. मोगलांना त्या दिवसांत फारसे काही करावेच लागले नाही.

आता एक अशी गोष्ट सांगतो की जी चांदबिबीच्या भक्तांना आवडणार नाही. मुराद १५९९ साली दारूपायी मेला आणि अकबराचा विश्वासू अबुल फजल दक्षिणेत आला. तो लिहितो की चांदबिबीने त्याच्याशी बोलणे लावले: अभंगखानाचा बंदोबस्त करा, मग किल्ल्याच्या किल्ल्या तुमच्या हवाली करीन, मला बीड जहागीर म्हणून द्यावे. अबुल फजल हा अकबराचा माणूस, त्याचे लिहिणे जपून वाचले पाहिजे. उलट फिरिश्ता लिहीत होता तिने वाढवलेल्या इब्राहिम आदिलशहाच्या आश्रयाने, म्हणून तो तिच्याविषयी आदराने लिहिणार हेही उघड आहे. पण अबुल फजलने हे सारे मनचे रचले असे मला वाटत नाही. पेशवा दाराशी तोफा लावून बसला असताना तिने तिसऱ्याशी बोलणे लावले, हे समजण्यासारखे आहे. विजापुरात आणि नगरात ती आयुष्यभर हेच करीत आली होती: एकाला हटवायला दुसऱ्याचा हात. मात्र या वेळी तो दुसरा हात खुद्द अकबराचा होता. मियां मंजूला आणि महंमदखानाला ज्या गोष्टीबद्दल आपण नावे ठेवतो तिच्या अगदी जवळ बेगमही येऊन पोहोचली होती. शेवटच्या दिवशी तिच्यावर जो आरोप झाला तो लोकांना इतक्या पटकन का पटला, याचे उत्तर इथे सापडते.

१६०० साली अकबर स्वतः बुऱ्हाणपुरास आला. शहाजादा दानियाल आणि खानखानान नगरवर चालून आले. अभंगखान घाटात त्यांना अडवायला गेला खरा, पण लढाई न देताच जुन्नरकडे निघून गेला. किल्ल्यात बेगम, आठ-दहा वर्षांचाही नसलेला बहादूर आणि एकमेकांवर विश्वास नसलेली शिबंदी. पुन्हा सुरुंग खणले जाऊ लागले. या वेळी विजापूरची फौज येणार नव्हती. चांदबिबीने हमीदखान (काही ग्रंथांत जीताखान) या खोजा सरदाराला बोलावून विचारले, काय करावे? तो म्हणाला, लढावे. ती म्हणाली, ज्यांच्या भरवशावर लढायचे त्या सरदारांची वागणूक मी पाहिली आहे. किल्ला देऊन, जीविताची आणि अब्रूची हमी घेऊन, बहादूरसह जुन्नरला जावे हे बरे. हमीदखान बाहेर धावला आणि ओरडत सुटला की बेगम मोगलांना मिळाली, किल्ला विकला! चार वर्षांपूर्वी जे शिपाई तिच्या मागे खिंडारात उभे राहिले होते त्यांच्यातलेही काही त्या जमावात असतील. जमाव महालात शिरला आणि त्याने तिला ठार मारले. जुलै १६०० चे ते दिवस.

तिला मारून किल्ला काही वाचला नाही. ऑगस्टमध्ये सुरुंग उडाले, मोगल आत आले आणि शिबंदीची कत्तल झाली. ज्या तहाला त्यांनी फितुरी म्हटले त्यात निदान त्यांचे प्राण तरी वाचले असते. बहादूरला ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर कैदेत पाठवले. त्याच्यासाठीच तर तिने हे सारे केले होते.

निजामशाही मात्र तेवढ्याने संपली नाही. नगर पडले त्याच साली मलिक अंबर नावाच्या हबशी सरदाराने परांड्याला दुसरा मुर्तजा निजामशहा गादीवर बसवला आणि मोगलांना पुढे पंचवीस वर्षे दक्षिणेत झुंजवत ठेवले. त्याच्याविषयी आपण खूप ऐकतो, आणि ते योग्यच आहे. पण त्यालाही आधी राजू दख्खनीशी वाटणी करून घ्यावी लागली. निजामशहा एक, आणि त्याच्या नावाने मुलूख सांभाळणारे सरदार दोन! पहिली सहा-सात वर्षे अंबर एका हाताने मोगलांशी आणि दुसऱ्या हाताने राजूशी लढत होता. राजूला कैद केले तेव्हा कुठे तो दौलताबादेकडे निर्धास्तपणे पाहू शकला.